निशाणी डावी अनामिका

मागच्या पोळ्याला मी पांढुर्ण्याला माहेरी गेले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होतो न होतो तोच समोरच्या खोलीतून बाबांची हाक आली, "माय, इकडं ये बरं जरा. हे मले ओळखतच नाही."

जाऊन पाहते तर बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. उजव्या हाताची तर्जनी त्या छोट्याशा यूएसबी फिंगरप्रिंट रीडरवर दाबून धरलेली, आणि पडद्यावर बोट ओळखता आलं नाही असा निरोप. बाबांनी बोट सदऱ्याला पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

"दोन वर्षांच्या वर झालं, याच बोटानं उघडतो मी हे. पण दोन-तीन महिन्यांपासून याचे नखरे सुरू आहेत. कधी घेते, कधी नाही घेत. कधी कधी तर बोट ठेवायचं चित्रच येत नाही समोर."

"मग पिन टाका ना बाबा."

"पिन कोणाच्या ध्यानात आहे?"

चूक आमचीच होती. तो रीडर मीच पुण्याहून आणून बसवून दिला होता. आई-बाबांना पासवर्ड टाइप करायचा कंटाळा यायचा, म्हणून ही सोय. तेव्हा पिनही ठरवला होता, पण बोटानं काम होतंय म्हटल्यावर पिन कोण आठवणार? बाबांनी अंदाजानं चार-पाच आकडे टाकून पाहिले. चुकीचा पिन फार वेळा टाकला की कॉम्प्युटर पुढचे प्रयत्न अडवतो आणि रीस्टार्ट करायला लावतो. आमचं तिथपर्यंत आलं होतं.

कोणाला बोलावण्याचीही सोय नव्हती. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी दगडफेक चालते. त्या दिवशी बाजार काय नि दुरुस्ती काय! बाबांनी नेहमीच्या पोराला फोन लावला. त्यानं दोन वाक्यांत निकाल दिला, "काकाजी, फॉर्मेट मारना पडेगा. परसो आता हूं."

'फॉर्मेट' म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला. गणपती चार दिवसांवर आले होते आणि मंडळाच्या वर्गणीची सगळी यादी त्यातच होती. पण यादी काय, दारोदार फिरून पुन्हा करता आली असती. त्याच कॉम्प्युटरमध्ये 'भुलाबाई' नावाचं एक फोल्डर होतं. आई जायच्या आदल्या वर्षी, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, बाबांनी तिला रोज संध्याकाळी माइकसमोर बसवून भुलाबाईची गाणी म्हणायला लावली होती. तिच्या आवाजाची ती एकच प्रत होती. ना माझ्या फोनमध्ये, ना कुठल्या पेन ड्राइव्हवर.

मी म्हटलं, "परवा त्याला येऊ नका म्हणावं. आधी आपण पाहू."

पिन सापडला तो वहीत

विंडोजमध्ये बोटाची ओळख सुरू करण्याआधी पिन ठरवावाच लागतो. म्हणजे बोट ही नंतर जोडलेली सोय आहे. खरी किल्ली पिन किंवा पासवर्ड. बोट चाललं नाही तर मशीन पिनच मागणार. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल आणि इंटरनेट चालू असेल, तर पिन विसरल्याचं तिथेच सांगून मोबाइलवर किंवा ईमेलवर आलेला कोड टाकून नवा पिन करता येतो. पण त्यासाठी खात्यावर नोंदवलेला नंबर आजही चालू हवा. आमच्याकडे तो नंबर आईचा होता, आणि ते सिम कधीच बंद झालं होतं.

मी टेबलाचे खण उपसत होते. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईची हिशेबाची वही घेऊन आले. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, पिठाच्या गिरणीचे पैसे, कोणाच्या लग्नात किती आहेर केला, सगळं त्यात. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'कांपुटर', आणि पुढे सहा आकडे.

पिन टाकला, कॉम्प्युटर उघडला. 'भुलाबाई' फोल्डर जागेवर होतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची जरा पुढे ओढून बसले.

पिन कुठे लिहून ठेवू नये असं आपण सारखं ऐकतो, आणि एटीएमच्या पिनसाठी ते बरोबरच आहे. पण विंडोजचा हा पिन फक्त त्याच एका मशीनवर चालतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कोणाला त्याचा उपयोग नाही. तेव्हा एटीएमपेक्षा वेगळा पिन ठेवून तो घरातल्या वहीत लिहिला, तर त्यात धोक्यापेक्षा फायदा जास्त आहे.

एका दुखण्यामागे दुसरं

दार उघडलं, आता कुलूप पाहायचं होतं. मला आधी बाबांच्या बोलण्यातली गंमत कळली नव्हती. ते दोन वेगवेगळ्या तक्रारी एकाच दमात सांगत होते. 'बोट घेत नाही' ही एक, आणि 'बोट ठेवायचं चित्रच येत नाही' ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी असतात. इतका एक फरक समजला तरी निम्मं काम होतं.

बोटाचा पर्यायच दिसत नसेल, तर दोष बोटाचा नाही. कॉम्प्युटरला तो रीडरच सापडत नाहीये. वायर, यूएसबीची खाच, ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याची सेटिंग, यांपैकी काहीतरी आहे. पर्याय दिसतो, बोट ठेवल्यावर मशीन प्रतिसादही देते, पण ओळखत नाही, तर बोट आणि मशीनमध्ये साठवलेली नोंद यांचा मेळ बसत नाहीये.

पहिलं दुखणं आधी घेतलं. रीडर कॅबिनेटच्या पुढच्या खाचेत होता आणि ती खाच ढिली झाली होती. जरा हात लागला की कनेक्शन जायचं. तो काढून मागच्या, सरळ मदरबोर्डवरच्या खाचेत लावला. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून 'बायोमेट्रिक डिव्हायसेस'मध्ये रीडरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्यावी का, असा एक चौकोन असतो. त्यावरची खूण काढली. बाबा सकाळी बगीच्यात जाताना कॉम्प्युटर तसाच सोडून जायचे. तो झोपायचा, रीडरही झोपायचा, आणि कॉम्प्युटर जागा झाला तरी रीडर झोपलेलाच. 'कधी कधी चित्रच येत नाही' म्हणजे हे होतं.

एवढ्यानं भागलं नसतं तर पुढच्या दोन पायऱ्या होत्या. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस' चालू आहे ना ते पाहणं, आणि रीडरचा ड्रायव्हर काढून बनवणाऱ्याच्या साइटवरून पुन्हा टाकणं. दुखणं एखाद्या अपडेटनंतर सुरू झालं असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत आणायची सोय असते. विंडोज ११ च्या काही नव्या मशीनवर बाहेरून लावलेल्या रीडरसाठी साइन-इन ऑप्शन्समध्ये एक वेगळा खटका असतो. तो बंद असेल तर चांगला रीडरही घेतला जात नाही.

रीस्टार्ट केलं. बोटाचं चित्र लगेच आलं. बाबांनी तर्जनी ठेवली. ओळखलं नाही!

"पाहिलं?" बाबा म्हणाले. "मीच बदललो वाटते."

बाबांची बोटं

मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा वेळ संत्र्याच्या बगीच्यात जातो. बहार संपला की झाडांची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढायच्या. पावसाळ्याच्या तोंडाशी बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेली ती निळसर पेस्ट बाबा कधीही हातमोजे घालून लावत नाहीत. "मोज्यात हात चालत नाही," म्हणतात. तर्जनीचं टोक गुळगुळीत झालं होतं, मधे एक बारीक चीर. दुखणं दोन-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं, म्हणजे जूनमध्ये. पेस्ट लावली तीही जूनमध्येच.

बोटावरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांची आकृती जन्मभर तीच राहते. पण आपण रीडरवर ठेवतो ते वरचं कातडं, आणि ते झिजतं. चुन्यानं, सिमेंटनं, विटांनी, सतत धुण्याभांड्यांनी रेषा पुसट होतात. वय वाढलं की कातडी कोरडी आणि पातळ होते. बऱ्याच रीडरमध्ये रेषेचा उंचवटा पृष्ठभागाला टेकतो आणि मधली खाच टेकत नाही, एवढ्याच फरकावर चित्र उमटतं. बोट फार कोरडं असेल तर उंचवटेही नीट टेकत नाहीत, ओलं असेल तर खाचा पाण्यानं भरून जातात. त्यात रीडर छोटा, त्याला बोटाचा एक तुकडाच दिसतो. नोंद करताना बोट सरळ ठेवलं आणि रोज तिरकं ठेवलं, तरी फरक पडतो.

चांगली गोष्ट अशी, की रेषांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. हाताला काही आठवडे आराम मिळाला की त्याच रेषा पुन्हा वर येतात.

"म्हणजे आधार केंद्रात जाऊन बोटं नवीन करून आणू का?" बाबांनी विचारलं.

हा घोटाळा पुष्कळांचा होतो. आधारमध्ये तुमच्या बोटाची तुलना सरकारकडच्या मध्यवर्ती नोंदीशी होते. घरच्या कॉम्प्युटरची नोंद त्या कॉम्प्युटरमध्येच असते, बाहेर जात नाही. आधारची बोटं नवी केल्यानं कॉम्प्युटर सुधारत नाही, आणि कॉम्प्युटर सुधारल्यानं रेशनच्या दुकानातलं मशीन ओळखायला लागत नाही. बोट मात्र दोन्हीकडे तेच, म्हणून त्रास दोन्हीकडे होतो.

बाबा हसले. म्हणाले, "सगळी उमर मी लोकांचे अंगठे सोडवले. आता म्हातारपणी मलेच म्हणते, अंगठा लाव."

ते खरंच आहे. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाबा नुकतेच मास्तर झाले होते. दिवसा पोरांची शाळा, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांची. जुन्या कागदांवर नावाखाली 'निशाणी डावा अंगठा' लिहिलेलं असायचं. ज्यांच्या खरेदीखतांवर, सोसायटीच्या कर्जावर ते लिहिलेलं होतं, त्यांना बाबांनी सही करायला शिकवलं. पहिली सही केलेला माणूस घरी पेढे घेऊन यायचा, असं आई सांगायची.

अंगठ्याचा इतिहासही आपल्याकडचाच. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्रीच्या नावानं जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं काम होतं. आणि देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. एके काळी लिहिता न येणाऱ्याची खूण असलेला ठसा आता सगळ्यांचीच खूण झाला आहे. अडचण एवढीच, की तो सगळ्यांचा सारखा उमटत नाही. ज्यानं हातानं जास्त काम केलं, त्याचा कमी उमटतो.

ते बटण दाबलं नाही

आता उपाय. कुठेही पाहिलंत तरी पहिला सल्ला असतो: साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन जुनी बोटं काढून टाका आणि नव्यानं नोंदवा. मीही तेच करायला निघाले. 'रिमूव्ह'वर बाण नेला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. तुझ्या आईचं बोटही त्यातच आहे."

मला माहीत नव्हतं. मी पुण्याला परत गेल्यावर त्यांनी 'दुसरं बोट जोडा' करून तिचंही जोडलं होतं. एकाच खात्यावर दोघांची बोटं. आणि विंडोजमधलं ते बटण एकच आहे. एकेक बोट निवडून काढता येत नाही, दाबलं की त्या खात्यावरची सगळी जातात.

मी बाबांना समजावलं, की आत बोटाचा फोटो नसतो. रेषांच्या खुणांवरून काढलेली एक नोंद असते, तीही कुलूपबंद. त्यातून बोटाचं चित्र परत काढायची सोय नसते. आईचं असं त्यात पाहण्यासारखं काही नाही.

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "पण काढलंच पाहिजे का?"

मी विचार केला. काढलंच पाहिजे असं नव्हतं. जुनी नोंद राहू देऊन नवं बोट जोडता येतं. तेच केलं.

कोणतं बोट जोडायचं, ते मात्र पाहून ठरवलं. बाबा सगळं उजव्या हातानं करतात. डाव्या हाताची अनामिका कामात सगळ्यात कमी येते, तिच्या रेषा चांगल्या शाबूत होत्या. हात साबणानं धुतले, नीट कोरडे केले, बोटाला थेंबभर खोबरेल चोळून कापडानं पुसून घेतलं. मग नोंद करताना बोट रोजच्यासारखंच ठेवायला सांगितलं, खुर्चीत रेलून, हात टेबलावर टाकून. एकदा सरळ, एकदा जरा डावीकडे, एकदा टोकावर. जोडीला डाव्या हाताची मधली करंगुळीशेजारची झाली म्हणून थांबलो नाही, डावी करंगळीही जोडून ठेवली. एक चाललं नाही तर दुसरं.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. बाबांनी अनामिका ठेवली, आणि दार उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. दहा वेळा केलं. नऊ वेळा उघडलं, एकदा नाही. दहापैकी नऊ हे अशा मशीनसाठी चांगलंच आहे. दहाव्या वेळेसाठी पिन आहे.

तुमच्या घरी

आपल्यातले बरेच जण नागपूर, पुणे, भोपाळ, इंदूर किंवा त्याहूनही लांब राहतात, आणि घरच्या कॉम्प्युटरची अडचण फोनवर सोडवतात. फोनवर बोट दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी सौंसरला, पांढुर्ण्याला, जिथे तुमचं घर असेल तिथे गेलात, की अर्धा तास एवढं करा.

पिन चालतो का ते स्वतः टाकून पाहा, आणि तो कागदावर लिहून ठेवा. खात्यावरचा मोबाइल नंबर आणि ईमेल आज चालू आहे का ते तपासा. आई-वडिलांची दोन-तीन बोटं जोडा, त्यांतलं एक तरी कमी कामाच्या हाताचं. पावसाळ्यानंतर, शेतीच्या कामांनंतर, हिवाळ्यात हात फुटल्यावर बोट रुसलं तर घाबरू नका. एकाच खात्यावर अनेकांची बोटं असतील तर प्रत्येकाला सगळंच उघडतं हे ध्यानात ठेवा. हिशेब-पैशांचं काम असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं केलेलं बरं.

घरी विंडोज नसेल तरी मामला फार वेगळा नाही. मॅकवर रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पासवर्डच लागतो, बोट नंतर. उबंटूसारख्या लिनक्सवर बोटानं आत गेलात तरी जपून ठेवलेल्या पासवर्डांची पेटी उघडायला ते पुन्हा पासवर्ड मागतं. तो बिघाड नाही, ती रीतच आहे.

आणि कोणी 'फॉर्मेट मारावा लागेल' म्हटलं, तर आधी विचारा, आतल्या फाइलींचं काय? बोट न ओळखणं हे फॉर्मेट करण्याचं कारण नाही.

दुपारी गावातून ढोल आणि लोकांचा गलका ऐकू येत होता. मी 'भुलाबाई' फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवलं, एक बाबांच्या कपाटात, एक माझ्या पर्समध्ये. एक प्रत ऑनलाइनही चढवली आणि भावाला पाठवली. त्याच्या मुलीनं आजीचा आवाज आत्तापर्यंत नीट ऐकलाच नव्हता.

संध्याकाळी बाबांनी नवा पिन ठरवला. आईची वही मागितली, पुठ्ठ्याच्या आत तिच्या ओळीखाली आपल्या मास्तरी अक्षरात तो लिहिला. तिचे सहा आकडे त्यांनी खोडले नाहीत. मग शेजारी कंसात लिहिलं: डावी अनामिका.